आमची वाटचाल : छर्रे, फेज आणि दहा इंचांचा पट्टा

आमचं मूळ काम रंगाचं. हिंगणघाटच्या आजूबाजूच्या जिनिंगचे पत्रे, तेलाच्या टाक्या, दालमिलच्या भिंती. पुढे फरशीवर इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा लेप, मारायची कामं यायला लागली आणि तिथं आमची पंचाईत झाली. ग्राइंडरने घासायचो, ॲसिडने धुवायचो, इपॉक्सी मारायचो. एक पावसाळा गेला की पापुद्रे सुटायचे. शेटजींचा फोन ठरलेला : "भाऊ, तुमचा रंग तं पोळीसारखा निघून राहिला नं!" इपॉक्सीचा दोष नव्हता. ट्रिमिक्सची (जादा पाणी पंपाने ओढून काढलेल्या काँक्रीटची) फरशी फ्लोटरने गुळगुळीत करताना सिमेंटची साय वर येते, आणि आम्ही त्या सायीवरच रंग चिकटवत होतो.

मामेभावाने पुण्याकडच्या एका कारखान्यात शॉट ब्लास्टिंग पाहिलं होतं. कर्ज काढून जुनी मशीन आणली, मागे दांडा धरून चालवायची, १० इंचांचा पट्टा मारणारी. घरचे म्हणाले, यात थोडे घातले असते तर ट्रॅक्टर आला असता. खरंच आला असता.

मशीनच्या पोटात ब्लेड लावलेलं एक चाक गरगर फिरतं. वरच्या टाकीतून लोखंडी छर्रे त्याच्या मधोमध पडतात, चाक ते फरशीवर आपटतं, ते साय उडवून उसळून परत वर येतात. वर धूळ वेगळी होऊन पाइपातून डस्ट कलेक्टरमध्ये जाते, छर्रे पुन्हा टाकीत पडतात. पाणी लागत नाही, ॲसिड लागत नाही.

विकणाऱ्याने अर्ध्या तासात सगळं शिकवलं. एक सांगायचं राहिलं, किंवा आम्ही ऐकलं नाही. पहिल्याच गोदामात मी मशीन जागेवर उभी ठेवून छर्ऱ्यांचा व्हॉल्व्ह उघडला आणि आवाजाचं कौतुक ऐकत बसलो. पुढे सरकलो तेव्हा मागे खड्डा. गिट्टी उघडी पडलेली. चौकीदार वाकून बघून म्हणाला, "भाऊ, फरशी साफ करायची होती का विहीर खोदायची होती?" खड्डा पदरच्या पैशाने भरून दिला. तेव्हापासून क्रम पक्का : आधी डस्ट कलेक्टर, मग चाक, चाकाने पूर्ण वेग घेतला की मशीन चालवायची आणि चालता चालता व्हॉल्व्ह उघडायचा. थांबायच्या आधी व्हॉल्व्ह बंद.

दुसरं दुखणं समजायला जास्त दिवस लागले. फरशीवर झेब्र्यासारखे पट्टे यायचे, पट्ट्याची डावी बाजू खोल, उजवी नुसती खरवडलेली. आम्ही वेग कमी केला, छर्रे वाढवले, काही फरक नाही. गोम होती चाकाच्या मधल्या पिंजऱ्यात. छर्रे चाकावर कुठून सुटायचे ते या पिंजऱ्याची खिडकी ठरवते. क्लॅम्प ढिला करून पिंजरा किंचित फिरवला की मारा डावीकडचा उजवीकडे सरकतो. किंचित म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. आता प्रत्येक साइटवर रंग मारलेल्या लोखंडी पत्र्यावर मशीन उभी करून क्षणभर व्हॉल्व्ह उघडतो. रंग कुठे जास्त उडाला ते पाहायचं, पिंजरा फिरवायचा, पुन्हा पाहायचं. मारा मधोमध आला की कामाला सुरुवात. खिडकीच्या कडा झिजल्या की मारा पसरतो, आतले लायनर, म्हणजे चाकाभोवतीचे संरक्षक पत्रे, खायला लागतो. मग पिंजरा बदलण्याला पर्याय नाही. ब्लेडही एकेकटं बदलायचं नाही, पूर्ण संच. आम्ही पैसे वाचवायला एकच बदललं होतं, मशीन पोळ्याच्या बैलासारखी थरथरत होती.

बाकी सगळं अँपमीटर सांगतो. काटा खाली आला की चाकाला छर्रे पुरत नाहीत. फार वर गेला की व्हॉल्व्ह जास्त उघडलाय. डस्ट कलेक्टरच्या डब्यात चांगले छर्रे सापडले तर ओढ जास्त आहे, डँपर, म्हणजे हवेची झडप, थोडा बंद करायचा. फरशीवर धूळ उडायला लागली तर उलटं. इपॉक्सीच्या कामाला आम्ही बहुतेक एस-३३० म्हणजे साधारण ०.८५ मिलिमीटरचे छर्रे वापरतो. जाड कोटिंग किंवा स्क्रीड (वरचा जाड थर) असेल तर त्याहून मोठे, एस-३९०.

यवतमाळकडच्या एका जिनिंगवर मात्र अँपमीटरही कामाचा नव्हता. आदल्या रात्री डीपी दुरुस्त झाली होती. सकाळी मशीन सुरू केली, आवाज बरोबर, पण फरशीवर ओरखडासुद्धा नाही. डस्ट कलेक्टरचीही ओढ नावापुरती. अर्धा दिवस मशीन खोलून बसलो. शेवटी जिनिंगचा म्हातारा वायरमन विडी विझवून आला, म्हणाला, "तुमचं चाक उलटं फिरून राहिलं नं बापू." दोन फेजच्या वायरी आदलाबदल केल्या आणि काम सुरू. त्या दिवशीचा गड्यांचा रोज गेला तो गेलाच.

त्यानंतर ६२.५ केव्हीएचा जनरेटर घेतला. गावातली थ्री फेज ४१५ व्होल्टची म्हणायची. लांब केबल ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर जास्त अँप खाते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. मे महिन्यात आम्ही पहाटेच काम करतो. ऊन डोक्यावर आलं की इपॉक्सी बादलीतच घट्ट होते, आणि मास्क लावून मशीनमागे चालणं कोणाच्याच्यानं होत नाही. मास्क मात्र काढू देत नाही. काँक्रीटची ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. पावसाळ्यात नवं काम घ्यायच्या आधी फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवतो. खाली दव जमलं तर शेटजी कितीही घाईत असोत, काम पुढे ढकलतो. ओल्या फरशीवर धूळ आणि छर्रे मिळून चिखल होतो, छर्रे गंजतात. काळ्या मातीतली ओल वर येत राहते ते वेगळंच.

दोन गिऱ्हाइकं या नकारामुळे गेली. त्यातलं एक दिवाळीनंतर परत आलं, कोटिंग दुसऱ्याकडून मारून घेऊन.

सध्या वणीजवळच्या एका गोदामाचं काम घेतलंय. ब्लेडचा नवा संच बसवला, पत्र्याला पुन्हा रंग मारून ठेवलाय. जनरेटर सोबत आहे, तरी चाक कोणीकडे फिरतं ते मामेभाऊ आधी डोळ्यांनी पाहणार.