आमची वाटचाल : छापखान्याच्या गाळ्यातून कॉलेजच्या तासाला

आम्ही कॉलेजांसाठी प्राध्यापकांच्या शिकवण्याचे व्हिडिओ करतो. कॉलेजकडून चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. फोर-के आहे का, किती कॅमेरे लावता, ड्रोन मिळेल का. (ड्रोन कॉलेजची इमारत वरून दाखवायला हवा असतो, अकाउंट्स शिकवायला नव्हे.) माइकचं क्वचित कुणी विचारतं. आणि सर नेमकं काय बोलणार आहेत ते आधी कागदावर उतरवून घ्याल का, असं आजवर कुणी आपणहून विचारलेलं नाही. आमच्या बिलातली मोठी रक्कम मात्र त्याच कामाची असते.

आम्ही दोघं नवराबायको. मी ध्वनिमुद्रणातली, अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंत बरीच वर्षं काढलेली. नवरा लग्नाचे व्हिडिओ करायचा. लालबागला सासऱ्यांचा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारा. छपाईचं ट्रेडल मशीन निघालं तेव्हा गाळा रिकामा झाला आणि आम्ही तिथे एडिटिंगची टेबलं टाकली. मार्च २०२० मध्ये लग्नं थांबली, डबिंगही थांबलं. कॉलेजं तेवढी चालू होती, मोबाइलच्या पडद्यावर. निर्बंध सैल झाले तसे ओळखीतले कॉमर्सचे एक सर म्हणाले, “घरात कुकरच्या शिट्ट्या येतात, तुमच्या गाळ्यात येऊन रेकॉर्ड करू का?” तिथून हा धंदा सुरू झाला.

हे सर वर्गात गाजणारे. दुसऱ्या डिव्हिजनची मुलं त्यांच्या तासाला येऊन बसायची म्हणे. आमच्याकडे दिवे लागले, मी ‘रोलिंग’ म्हटलं आणि सरांचा आवाज सपाट झाला. हात खिळले. कॅमेऱ्याकडे बघून मोकळेपणानं बोला, असं सांगून कुणी मोकळं होत नाही. समोरच्याच्या कपाळावरची आठी बघून उदाहरण बदलायचं ही त्यांची आयुष्यभराची सवय, आणि भिंगाला कपाळ नसतं. लाइट धरायला आमच्याकडे एक मुलगा होता, टीवायबीकॉमचा, अकाउंट्सलाच एटीकेटी लागलेला, म्हणजे तोच विषय राहिलेला. त्याला कॅमेऱ्याखाली स्टुलावर बसवलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “सर, पण पैसे तर मशीन घेताना एकदाच गेले, मग दरवर्षी खर्च कसला दाखवायचा?” सर खुर्चीतून उठलेच. कोपऱ्यात जिथे ट्रेडल मशीन असायचं तिकडे हात करून त्यांनी डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, समजावलं, आणि मुलाचा प्रश्न तेवढा कापून आम्ही तो टेक जसाच्या तसा ठेवला.

तेव्हापासून आमच्याकडे ऐकणारा माणूस असल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही. तो विषयात हुशार नको. मान डोलवणारा तर मुळीच नको.

पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की यातलं बरंच इतरांनी आधीच तपासून ठेवलंय. संशोधक फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या चार कोर्समधले व्हिडिओ ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले याच्या नोंदी चाळल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणं साधारण ६ मिनिटांच्या आतच आटोपत होतं. वर्गातलं लेक्चर टिपून मागाहून त्याचे तुकडे पाडले, तर ते मुद्दाम छोटे आखलेल्या धड्यांइतके धरून ठेवत नव्हते. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत शिकवलेलं जास्त पाहिलं जात होतं. भरभर आणि उत्साहानं बोलणाऱ्यांचं सुद्धा. त्यामुळे ‘सर, जरा सावकाश’ हे वाक्य मी बोलण्यातून काढून टाकलं. एक मात्र ध्यानात ठेवावं लागतं : त्या अभ्यासात मोजलं होतं ते बघणं. समजलं किती, हा वेगळा हिशेब.

असे मुद्दाम आखलेले धडे करण्याची चांगली उदाहरणं आपल्या पवईतच आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात साधारण १० मिनिटांचा धडा असतो. आधी स्क्रिप्ट होते, ती विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते आणि मगच आवाज रेकॉर्ड होतो. हे वाचलं त्या दिवशी आमच्या स्टुलावरच्या मुलाचं वजन वाढलं. तिथल्याच शिक्षणतंत्रज्ञानाच्या लोकांनी ऑनलाइन कोर्ससाठी जी पद्धत बसवली, तिच्यात व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न टाकायची जागा ठेवलेली असते : आता थांबा, वहीत लिहा, मग पुढे जा. आम्ही ती सरळ उचलली. प्राध्यापकांना ही जागा आवडत नाही, शांतता पसरली की त्यांना टेक फुकट गेल्यासारखा वाटतो.

स्क्रिप्टच्या बैठकीत खरी कुस्ती होते. “माझं लेक्चर ४८ मिनिटांचं आहे,” असं म्हणूनच मंडळी येतात. त्यातली हजेरी, मागच्या तासाची उजळणी, ‘हे परीक्षेला येतं हं’ आणि शेवटच्या बाकाला दिलेला दम वजा केला की चार-पाच छोटे धडे उरतात. प्रत्येक धड्याला एकच प्रश्न, तोही आधी प्रश्नाच्या रूपातच लिहायचा. ज्यांना तो एका ओळीत लिहिता येत नाही त्यांना आम्ही त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उभं करत नाही. हे ऐकून एक ज्येष्ठ प्राध्यापक चिडून निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात आले ते ओळ लिहूनच.

दुसरी झटापट पीपीटीची. स्लाइडवर भरगच्च परिच्छेद आणि मॅडम तोच वाचून दाखवतात. कान आणि डोळे एकाच मजकुरावर झुंजले तर दोन्हीकडून निसटतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातला हा मुद्दा मी तोंडपाठ केलाय, कारण तो रोज लागतो. आम्ही स्लाइडवर आकृती ठेवतो आणि शब्द मॅडमच्या तोंडी देतो. मग तो धडा फोनवर लावून बघतो, हात लांब करून. आमचा प्रेक्षक ठाण्या-कल्याणहून लोकलमध्ये उभ्यानं, एका कानात इअरफोन घालून शिकणारा आहे. जे अक्षर त्याला दिसत नाही ते स्लाइडवर नसलेलं बरं.

आता आवाज. इथे माझी जीभ सैल सुटते, सांभाळून घ्या. खराब चित्र माणूस सोसतो, खराब आवाजाला दोन मिनिटांत बंद करतो. कॉलर माइक साडीवर लावला की मंगळसूत्राचे मणी त्याच्यावर टिकटिक करतात, नवं सिल्क सळसळतं, बांगड्या टेबलावर वाजतात. म्हणून मॅडमना आधीच कळवतो : सुती साडी, बारीक चौकडा नको (पडद्यावर तो लहरींसारखा नाचतो), बांगड्या पर्समध्ये. एसी रेकॉर्डिंगपुरता बंद. सुरुवातीला भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, आता कापड लावलेले रॉकवूलचे पॅनेल आहेत. अंड्यांचे ट्रे चिकटवून खोली साउंडप्रूफ होते असं सांगणारा कुणी भेटला तर ऐकू नका. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, जाड दार. पॅनेलही खोलीतला घुमाराच कमी करतात, रस्त्यावरचा हॉर्न त्यांना दाद देत नाही.

आणि आमचा रस्ता लालबागचा! पहिल्या सत्राचे व्हिडिओ कॉलेजांना हवे असतात ते नेमके ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हाच इथे चिंचपोकळीच्या चिंतामणीसारख्या मोठ्या गणपतींचे आगमन सोहळे निघतात. ढोल-ताशाला कुठलाही पॅनेल पुरत नाही. ते आठवडे आम्ही सामान उचलून कॉलेजातच जातो. त्या निमित्तानं प्रयोगशाळेतलं काम सुरू झालं, आणि मला विचाराल तर आमचं सगळ्यात चांगलं काम तिथलंच आहे.

रसायनशास्त्राचं टायट्रेशन घ्या, एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता काढायचा प्रयोग. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तो प्रकाशाचा रंग आपल्या मनानं बदलत राहतो आणि ती फिकट छटा कधी दिसते, कधी गायब होते. म्हणून तो लॉक करायचा आणि फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवायची, जी एरवीही ठेवतातच. ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या खुणांच्या नळीचं, रीडिंग घेताना डोळा द्रवाच्या पातळीत हवा हे मुलांना शिकवायचं असतं. पण कॅमेरा नेहमीच्या उंचीवर उभा असला तर तोच वरून बघतो आणि चुकीचं रीडिंग दाखवतो. नवरा त्यासाठी ट्रायपॉड सोडून पुस्तकांची चळत रचतो आणि भिंग बरोबर द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी आणतो. प्रयोगशाळेत जुन्या ट्यूबलाइट असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की ठीक, मोबाइलवर ३० फ्रेमला शूट केलं तर बऱ्याचदा चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

गणितासाठी लाइटबोर्ड घेतला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मायकल पेश्किन यांची ही कल्पना : कडांना एलईडी लावलेली काच, फ्लुरोसंट मार्कर, मागे काळोख, आणि शिक्षक काचेच्या पलीकडून आपल्याकडे तोंड करून लिहितो. पलीकडून लिहिलेलं उलटं दिसतं, म्हणून चित्र आडवं फिरवतात. अक्षर सुलट होतं, पण मॅडमचा पदर उजव्या खांद्यावर जातो. एका मॅडमच्या सासूबाईंनी तो व्हिडिओ बघून, “गुजराती साडी कधीपासून?” असं विचारलं. तेव्हापासून लाइटबोर्डला कुर्ता.

धंद्याचं बोलायचं तर हात आखडूनच असतो. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं आणि २०२१ मध्ये यूजीसीनं, एका सत्रातले किती कोर्स असे ऑनलाइन करून क्रेडिट मिळवता येईल याची मर्यादा २० वरून ४० टक्क्यांवर नेली, तेव्हापासून मागणी वाढली. पण तिथे व्हिडिओ हा चारांतला एक भाग असतो. वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि चर्चा हे बाकीचे तीन कोण करणार, हे कोटेशन मागताना कुणी सांगत नाही. सरकारकडे ‘उद्यम’ म्हणून नोंदलेल्या आमच्यासारख्या छोट्या उद्योगांचे पैसे कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. एका संस्थेनं वर्ष उलटल्यावर चेक काढला, त्यातही टीडीएस दोनदा कापलेला. लग्नाच्या कामात बरं असतं, मंडप उतरायच्या आत हिशेब होतो. म्हणून आता निम्मी रक्कम स्क्रिप्टच्या दिवशीच घेतो.

हल्ली नवी मागणी येते : सरांचा फोटो आणि आवाजाचा नमुना देतो, बाकीचं एआयकडून करून घ्या. मथळे, कॅप्शन, भाषांतराचा कच्चा खर्डा यांना मीही ते वापरते. तांत्रिक शब्द मात्र हातानं तपासावेच लागतात. पण शिकवणं त्याच्यावर सोपवायला मी अजून तयार नाही. त्या चेहऱ्याला स्टुलावरच्या मुलाची आठी दिसत नाही, आणि आमचा सगळा व्यवहार त्या आठीवर चालतो.

तो अकाउंट्सवाला मुलगा आता पास होऊन नोकरीला लागला, त्यामुळे स्टूल रिकामं आहे. पुढच्या सत्रात संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्राचं काम आलंय. लालबाग-परळ-करी रोडच्या आसपास राहणारे, यातला एखादा विषय न आवडणारे विद्यार्थी हवे आहेत, सकाळी ११ ते ४. मानधन आणि दुपारचं जेवण मिळेल. न समजलेलं तोंडावर सांगायची तयारी हवी, समोर एचओडी (विभागप्रमुख) असले तरी.