शुगर-बीपीच्या फाइलीत कानाचाही एक कागद हवा

"आबांना नको ते बरं ऐकू येतं!" सातारा-सांगलीकडं हे वाक्य कुठल्या घरात निघत नाही? उसाचा ट्रॅक्टर वळणावर आला की सगळ्यांच्या आधी आबांना कळतं. मग शेजारी बसून नातीनं विचारलेलं का कळत नाही? घरचे म्हणतात, लक्षच देत नाहीत. आबा म्हणतात, हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. दोघांचंही खरं नाही.

वयानं किंवा गोंगाटानं कान जातो तेव्हा तो सगळीकडून सारखा जात नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ट्रॅक्टर, ढोल, दार आपटणं हे जाड आवाज खालच्या पट्टीतले, त्यामुळं ते शाबूत राहतात. पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी पट्टी उंच. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, यांचा जोर साधारण 1000 हर्ट्झच्या खाली असतो. स, श, फ, त, थ ही व्यंजनं 2000 ते 8000 हर्ट्झच्या पट्ट्यात आणि मुळातच दबकी. म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते लागत नाही. "ऐकू येतं हो, समजत नाही" ही तक्रार कोणी केली की ती बहाणा समजू नका. कानाची नस थकल्याची ती अगदी नेमकी खूण आहे.

आता हे तब्येतीवर कसं येतं ते बघा. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "इन्सुलिन वीस युनिट." आबांना ऐकू आलं "तीस". दोन्ही शब्दांत ई तीच, शेवटचा स तर त्यांच्यासाठी नाहीच. उरलेला व आणि त यांतला फरक ओळखायचा. साध्या फोनवर 3400 हर्ट्झच्या वरचं बरंचसं कापलंच जातं, त्यामुळं समोरासमोर जे कसंबसं लागलं असतं तेही फोनवर जातं. दहा युनिट जास्त गेली की रात्री शुगर उतरते. साठ-आठ आणि सात-साठ हीही अशीच घोळाची जोडी. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना औषधाचा आकडा कधीही नुसता तोंडी सांगू नये. पाकिटावर मोठ्या आकड्यात लिहावा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्यावा. "कळलं का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही, कळलेलं नसलं तरी माणूस मान डोलावतो.

आतल्या कानाला, म्हणजे गोगलगाईसारख्या वळलेल्या त्या नळीला, रक्त पुरवणारी धमनी एकच आणि अगदी बारीक. ती आखडली तर दुसऱ्या वाटेनं रक्त येत नाही. प्रत्येक कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यामुळं डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड ज्या कारणानं बिघडतात त्याच कारणानं कानही बिघडतो: वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, विडी-सिगारेट. मधुमेह असलेल्यांत कमी ऐकू येण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळलं आहे. मधुमेह्याचे डोळे दरवर्षी तपासायचे हे आता खेड्यातही ठाऊक आहे. कानाचं मात्र कोणी नाव काढत नाही, आणि आमचं म्हणणं एवढंच आहे की त्याच फाइलीत कानाच्या तपासणीचा एक कागद लावावा.

औषधांचंही बघावं लागतं. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन केसपेशी मारू शकतात. मूत्रपिंड अधू असेल तर धोका आणखी वाढतो. अशी औषधं थांबवायची नसतात, जीव वाचवणारी आहेत ती. पण सुरू करण्याआधी एकदा आणि उपचार चालू असताना मध्येमध्ये ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घेता येते. कानात शिट्टी वाजल्यासारखं सुरू झालं तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं.

मेंदूचा मुद्दा हल्ली फार गाजतो, आणि श्रवणयंत्र, म्हणजे कानाचं मशीन, विकणारे तो सोयीनं गाजवतात. डिमेन्शियावर, म्हणजे म्हातारपणीच्या विसरण्याच्या आजारावर, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकानं नेमलेल्या आयोगानं 2017, 2020 आणि 2024 या तिन्ही अहवालांत कमी ऐकू येणं हे टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत धरलं आहे. कारणं समजण्यासारखी आहेत. अर्धवट आलेले शब्द जुळवण्यात मेंदूची इतकी ताकद जाते की ऐकलेलं लक्षात ठेवायला उरत नाही. म्हणूनच लग्नकार्यातून आल्यावर असा माणूस थकून झोपतो. पुढं तो जाणंच टाळतो. पारावर बसणं, भजनाला जाणं, सोसायटीची सभा एकेक करून सुटत जाते. एकटेपणा, उदासपणा, चिडचिड मागोमाग येते. पण "मशीन लावा, विसरणं थांबेल" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो जास्त बोलतोय. 2023 मध्ये अमेरिकेतल्या अचीव्ह नावाच्या चाचणीत 70 ते 84 वयाच्या 977 जणांना तीन वर्षं बघितलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीननं विसरण्यात फरक पडला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. मशीन लावायचं ते आज माणसांत बसता यावं म्हणून. मेंदूचा फायदा झाला तर ती वरकड कमाई.

पडण्याचंही तसंच. पाऊल टाकताना होणारा आवाज, मागून येणारी दुचाकी, भिंतीवरून परतणारा नाद या सगळ्यावर तोल अवलंबून असतो, आणि तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच आहे. 25 डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) घट असलेल्यांतही पडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. खुब्याचं हाड मोडण्याचा खर्च मिरजेला एकदा भरलेल्या घराला विचारा.

गोंगाटाचा हिशेब सोपा आहे. 85 डेसिबल दिवसाला आठ तास चालतो. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला पंधरा मिनिटं. विट्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा साखर कारखान्याच्या मिलवर शेजारच्याशी हातभर अंतरावरून ओरडून बोलावं लागत असेल तर 85 ओलांडलेच. डॉल्बीपुढं नाचणाऱ्याचा दिवसाचा वाटा पहिल्या गाण्यालाच संपतो. अशा कानाच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखावर, 4000 हर्ट्झजवळ खळगा दिसतो, तोही तिशी-पस्तिशीत. कापसाचा बोळा काही उपयोगाचा नाही. फोमचे इअरप्लग घ्यावेत: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कानाची पाळी वर-मागं ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरायचं. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग म्हणजे नुसती समजूत.

तपासणी कशी होते? आधी कान-नाक-घसा डॉक्टर कानात बघतात. मळ असेल तर तो काढल्याशिवाय ऑडिओमेट्री करण्यात अर्थ नाही. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर, प्रत्येक कानाला वेगळे. कागदावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झवर आलेल्या डेसिबलच्या चार आकड्यांची बेरीज करून चारनं भागा. उदाहरणार्थ 30, 40, 50, 60 असेल तर सरासरी 45. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत 20 च्या आत ठीक, 35 पर्यंत सौम्य, 50 पर्यंत मध्यम, पुढं तीव्रतेकडं. नुसत्या सुरांवर थांबू नका, शब्द ओळखण्याची चाचणीही मागा. मशीनचा फायदा किती होईल हे त्यातून जास्त कळतं. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान मोजणारा तज्ज्ञ, आरसीआयकडं (भारतीय पुनर्वास परिषदेकडं) नोंदणी झालेला आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सरकारी ठिकाणं आहेत. कानाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघा.

कोमट तेल. हा विषय निघाला की घरातल्या थोरल्या बायका आमच्यावर रागावतात, पण सांगावंच लागतं. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. नसेल तरी पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी वाढायला मदतच होते. सेफ्टी पिन आणि काडेपेटीच्या काडीबद्दल तर बोलायलाच नको. मधुमेही म्हाताऱ्या माणसाचा कान रात्री ठणकून झोप मोडत असेल आणि पाणी येत असेल तर ते साधं दुखणं समजून घरी बसू नये. तो संसर्ग कवटीच्या हाडात शिरू शकतो.

मशीन घेतल्यावर ते कपाटात जाण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, एकदम दिवसभर लावलं. वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला भांड्यांचा आवाज हातोड्यासारखा लागतो. पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना दोन-तीन तास. मग टीव्ही, मग अंगण, बाजार अगदी शेवटी. दीड-दोन महिने धरून चाला आणि त्या काळात दोन-तीनदा सेटिंग बदलून घ्या. दुसरं, शिट्टी. बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो, बिघाड क्वचितच. तिसरं, "बंद पडलं". आधी सेल बदला, मग टोकाची मळाची जाळी बघा. आवाज तिच्यात मळ बसून बंद झालेला असतो, आणि ती जाळी बदलायला दोन मिनिटं लागतात.

सेलचं एक लक्षात ठेवा. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. त्याच्यावरची चिकट पट्टी काढल्यावर लगेच झाकण लावू नका, मिनिटभर उघडा ठेवा. पट्टी काढली की तो वापरा न वापरा, उतरायला लागतोच. रंगावरून आकार कळतो: पिवळा 10, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत, सेलचं दार उघडं ठेवून ठेवायचं. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल पिऊन घेतली. मशीन बाहेर काढून दाणे तव्यावर मंद गरम करा, पुन्हा निळे होतात. ऑनलाइन मिळणारं शे-पाचशेचं "आवाज वाढवणारं" यंत्र घेऊ नका. ते जाड आवाजही तेवढेच वाढवतं, आणि ट्रॅक्टर तर आधीच ऐकू येतोय.

घरच्यांनी ओरडू नये. ओरडण्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तेवढीच राहतात. शिवाय खराब कानाला मोठा आवाज लवकर बोचतो. मग "ओरडतेस कशाला?" वरून भांडण. हातभर अंतरावर, तोंडावर उजेड येईल असं बसून, आधी नाव घेऊन, सावकाश बोलायचं. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य चारदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून हाक मारून "ऐकत नाहीत" म्हणणं अन्याय आहे.

पैशांची बाजू थोडक्यात: दिव्यांग कायदा 2016 प्रमाणे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट म्हणजे कमी ऐकू येणं, 70 आणि वर म्हणजे बहिरेपण. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना श्रवणयंत्र, चष्मा वगैरेसाठी एकदा 3000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही, पण हातभार लागतो. अर्जाची सध्याची स्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी.

औषधानं सुरू झालेली शिट्टी आणि मधुमेह्याचा ठणकणारा कान सोडला तर वरचं बहुतेक सगळं आठ-पंधरा दिवस इकडंतिकडं चालतं. आणखी एक गोष्ट मात्र चालत नाही. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला, तर तोंड मिटून "हुं" असा लांब सूर काढा. सूर बंद कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानात घुमला तर नस अचानक गेल्याची शक्यता आहे, आणि त्याला स्टेरॉइड जितकं लवकर मिळेल तितकी कान परतण्याची आशा जास्त; दोन आठवडे उलटले की ती फार कमी होते. ही घरगुती चाचणी शंभर टक्के नाही, म्हणून शंका असली तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा आणि तिथंच ऑडिओमेट्री करून घ्या. सोबत तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं किंवा बोबडी वळणं असेल तर कानाच्या डॉक्टरांकडं नको, सरळ 108 ला फोन. स्टेरॉइडनं साखर वाढते, म्हणून शुगर असलेल्यांनी आपल्याला शुगर आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं आणि गोळ्या चालू असेपर्यंत घरी रोज मोजावी.