तूप सोडलं, तरी आकडा का हलत नाही?

मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचाही लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, आला की प्रश्न ठरलेला: "तूप बंद, अंडं बंद, फरसाणकडे तर बघतसुद्धा नाही. तरी एलडीएल जेमतेम १० नं उतरलं. बाकीचं येतं कुठून हो?" लिफ्टमध्ये तीन मजल्यांत याचं उत्तर होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सांगते.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. आणि हे कोलेस्टेरॉल येतं तुमच्याच पेशींतून. अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपण खात नाही, बनवतो. पेशीचं आवरण, पित्त, कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, सगळ्याला ते लागतं. म्हणून प्रत्येक पेशी त्याचा हिशोब ठेवते, आणि तोही फार हुशारीनं. बहुतेक कोलेस्टेरॉल असतं बाहेरच्या आवरणात, पण मोजणी होते आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या, पेशीतल्या जाळ्याच्या पडद्यात. तिथे मुळात ते इतकं थोडं, की किंचित कमीजास्त झालं तरी लगेच कळतं. तिथल्या लिपिड रेणूंत त्याचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या वर असेल, तर ते स्कॅप नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग स्कॅप इन्सिग या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसतं आणि स्कॅपसोबतचं एसआरईबीपी, म्हणजे जीन्स चालू करणारं प्रथिन, तिथेच अडकतं. प्रमाण घसरलं की पकड सुटते. स्कॅप एसआरईबीपीला गॉल्जी या पेशीतल्याच दुसऱ्या भागात नेतं, तिथे दोन एन्झाइम त्याला पाठोपाठ कापतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन दोन कामं लावतो: कोलेस्टेरॉल बनवा आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची पकडणारी प्रथिनं, वाढवा. २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलसारखे स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्याच कुळातले रेणू) स्कॅपला न शिवता थेट इन्सिगला चिकटतात. परिणाम तोच, सगळं ठप्प.

ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांचा १९७०च्या दशकातला, डॅलसमधला प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि मलाच दरवर्षी मजा येते. काही मुलांना आनुवंशिक आजारामुळे बालपणीच हार्ट अटॅक येत. निरोगी माणसाच्या त्वचेच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं उत्पादन थांबवत. या मुलांच्या पेशी थांबतच नव्हत्या. ब्रेकच बिघडलाय, असं कुणालाही वाटेल. पण अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कोलेस्टेरॉल थेट दिल्यावर त्याही मुकाट थांबल्या! ब्रेक शाबूत होता. एलडीएल आत घेणारा रिसेप्टरच नव्हता. दोघांना १९८५चं नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉल कमी करायला देतात ती स्टॅटिनची गोळी नेमकी याच यंत्रणेवर चालते. ती यकृताच्या पेशीतलं उत्पादन अडवते, पेशीला टंचाई भासते, एसआरईबीपी सुटतं, रिसेप्टर वाढतात आणि एलडीएल रक्तातून आत ओढलं जातं. रिपोर्टमधला आकडा पडतो तो मुख्यतः या ओढण्यामुळे. म्हणूनच "आकडा नॉर्मल आला, आता गोळी सोडते" असं परस्पर ठरवू नका. गोळी थांबली की टंचाई संपते आणि वाढलेले रिसेप्टरही ओसरतात.

तूप सोडणं फुकट गेलं, असं मात्र नाही. तुपातले संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) यकृतातल्या रिसेप्टरांचं काम मंदावतात. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा बहुतेकांना तेच जास्त भोवतं. कुणाला किती, ते ज्याच्या त्याच्या जीन्सवर. आणि शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरचं "कोलेस्टेरॉल-फ्री" वाचून दोन पैसे जास्त मोजू नका. वनस्पतींचे स्टेरॉल वेगळे असतात, त्यांच्या तेलात कोलेस्टेरॉल नावालाच असतं.