हमामात्सूचे पतंग आणि काच नसलेला दोर

भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस ज्या गावात दुपारच्या जेवणालाही कोणी गच्चीवरून खाली उतरत नाही, त्या येवल्यात मी वाढलो. नोकरीनिमित्त जपानमधील हमामात्सू शहरात राहू लागल्यावर येथेही पतंगांचे तीनच दिवस असतात, 3 ते 5 मे, हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला.

समुद्रालगतच्या नाकाताजिमा येथील वाळूच्या टेकड्यांजवळ शहरातील 170 हून अधिक मोहल्ले आपापले पतंग घेऊन उतरतात. बांबूच्या कामट्यांवर जपानी हातकागद चिकटवलेला हा चौकोनी पतंग माणसाच्या उंचीपेक्षाही मोठा असू शकतो, म्हणून तो एकट्याने उडवण्याची गोष्टच नाही. त्याच्यावर मोहल्ल्याचे ठसठशीत चिन्ह असते आणि वर्षभरात ज्या घरी पहिले मूल जन्मले असेल, त्या बाळाचे नाव कोपऱ्यात लिहिलेले असते. सोळाव्या शतकात येथील किल्लेदाराला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव लिहून पतंग उडवला गेला आणि तेथून ही प्रथा सुरू झाली, अशी आख्यायिका आहे.

मला सर्वांत अधिक भावली ती येथील काटाकाटी. आपल्याकडे दोऱ्याला काचेची पूड लावून मांजा सुतला जातो आणि अलीकडे तर बंदी असूनही विकल्या जाणाऱ्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. येथे मात्र सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा तागासारखा दोर असतो आणि त्याला काच लावलेली नसते. पेच पडला की बिगुलांच्या गजरात दोन्हीकडची माणसे दोर ओढतात, ढील देतात, पुन्हा ओढतात आणि एकमेकांवर घासून तापलेल्या दोरांपैकी एक अखेर तुटतो. (बिगूल ऐकताना मला येवल्यात पतंगांच्या वेळी वाजणारे हलकडी हे वाद्य आठवते.) ढील केव्हा द्यायची आणि केव्हा खेचायचे, हे कौशल्य तर आसारी, म्हणजे मांजाची चक्री, धरणाऱ्या प्रत्येक येवलेकराच्या ओळखीचे आहे.

यंदा माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे नाव पतंगावर होते. तिच्या पतंगाचा दोर तुटला, तेव्हा उरलेले टोक मी हातात घेऊन पाहिले; ते काळपट पडले होते आणि त्याला जळका वास येत होता. संध्याकाळी मोहल्ल्यातील मंडळी कंदील आणि बिगूल घेऊन त्यांच्या दारी गेली आणि आठ महिन्यांच्या त्या मुलीला मधोमध घेऊन सर्वांनी तिच्या नावाचा जयघोष केला.