हंटर खोऱ्यातली सेमिलॉन

सिडनीहून उत्तरेला गाडीने दोनेक तासांवर असलेले हंटर खोरे खरे पाहता वाइनच्या द्राक्षांना फारसे मानवणारे नाही. उन्हाळा दमट असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत, नेमका तोडणीच्या तोंडावर, पाऊस गाठण्याची धास्ती असते. तरीही या खोऱ्याची खरी ओळख मला तिथल्या सेमिलॉन या पांढऱ्या वाइनमध्येच दिसते, आणि तिच्या घडणीत या धास्तीचा वाटा मोठा आहे. पावसाने घड कुजू नयेत म्हणून, मण्यांत पुरती साखर भरण्याची वाट न पाहता, बागायतदार ते लवकर उतरवतात. त्यामुळे रसात आंबटपणा भरपूर राहतो आणि मद्यार्क जेमतेम १०-११ टक्क्यांपर्यंत जातो.

सेमिलॉन हे द्राक्षाच्या जातीचेही नाव, आणि ही जात मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. हंटरमध्ये मात्र तिची वाइन कित्येक वर्षे ‘हंटर रिव्हर रीस्लिंग’ या नावाने विकली गेली, वास्तविक रीस्लिंग ही निराळीच जर्मन जात. पण त्या काळी लेबलांचा कारभार असाच सैल होता.

करण्याची रीत अगदी साधी आहे. घड हलक्या हाताने दाबून काढलेला रस पोलादी टाक्यांत गारव्यात आंबवतात आणि काही महिन्यांत, लाकडी पिंपाचा स्पर्शही न होऊ देता, बाटल्यांत भरतात. ही कोवळी वाइन जवळजवळ पाण्याच्या रंगाची, किंचित हिरवट झाक असलेली असते. तिला लिंबाच्या सालीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो, आणि पहिल्या घोटाला ती काहीशी कंजूषच वाटते. तळलेल्या माशाबरोबर मात्र ती झकास लागते. वर लिंबू पिळायची गरजच उरत नाही.

खरी गंमत दहाएक वर्षांनी कळते. आंबटपणाच्या आधाराने टिकलेली तीच वाइन बाटलीत मुरून सोनेरी होते आणि तिला भाजलेल्या पावाचा, मधाचा असा काही वास सुटतो की लाकडी पिंपाचाच हा गुण, असे जाणकारही पैजेवर सांगतील. १८५८ पासून या खोऱ्यात असलेले टिरेल हे वाइन करणारे घराणे आपली ‘व्हॅट १’ ही सेमिलॉन बाजारात आणण्याआधी काही वर्षे स्वतःच सांभाळते, हे मला ग्राहकावरचे उपकारच वाटतात, कारण घरात एवढा धीर कोण धरतो? अशी जुनी बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतू नये. फार गार असली की मधाचा वास दबतो आणि नुसता आंबटपणाच जिभेवर येतो.