कूलंट कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही

गाडीच्या कूलंटची पातळी हळूहळू खाली उतरत असेल आणि गाडी उभी करतो त्या फरशीवर एक थेंबही दिसत नसेल, तर बहुतेक जण बाटलीत वरून थोडे कूलंट ओततात आणि विषय सोडून देतात. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत हेच होऊ लागले, तेव्हा मला तसे सोडून देणे पटले नाही. इंजिन थंड ठेवणारा हा द्रव बंद नळ्यांतून फिरत असतो. तो कमी होतो याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर पडतो आहे, आणि बाहेर पडण्याची ती जागा सापडेपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नये, असे माझे ठाम मत आहे.

यात द्रव किती गेला यापेक्षा दाब गेला, ही गोष्ट अधिक गंभीर असते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. झाकणातील स्प्रिंग तेवढ्या बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) दाब आत कोंडून ठेवते. ०.९ बार दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि कूलंट मिसळल्यावर ती मर्यादा आणखी वर जाते. गळती बारीक असली, तरी हा दाब टिकत नाही, त्यामुळे द्रव लवकर उकळतो. म्हणूनच गावात मुकाट चालणारी गाडी आंबोलीचा घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये आणि एसी चालू असताना, अचानक तापते. त्यानंतरही ती तशीच रेटली, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील, जाते आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. मग खर्चाचा आकडा पार बदलून जातो.

शोध नेहमी थंड इंजिनावर सुरू करावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की आतील द्रव उसळून तोंडावर येतो आणि हात-चेहरा भाजतो, त्यामुळे तिथे घाई नको. गाडीखाली ओल दिसली, तर आधी ती एसीच्या पाण्याची नाही ना, हे पाहावे. ते पाणी रंगहीन आणि वासहीन असते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. पुढच्या सीटपुढील कार्पेट कोरडे होते आणि काचेवर चिकट धुके धरत नव्हते, म्हणून हीटर कोअरची, म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेल्या, केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरची शंका मिटली. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूरही येत नव्हता. या खुणा नसल्या म्हणजे हेड गॅस्केट शंभर टक्के शाबूत आहे असे ठरत नाही, पण शोध बाहेरच्या जोडांपासून सुरू करायला ते पुरेसे होते.

इथून पुढे प्रेशर टेस्टरशिवाय काम होत नाही. झाकणाच्या जागी बसणारा हा छोटा हातपंप असतो आणि त्यावर दाबाचा काटा असतो. ओळखीच्या मिस्त्रींकडून तो आणून मी झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरला. त्याहून जास्त भरला, तर चांगले जोडही उलतात. काटा सावकाश खाली येऊ लागला. बराच वेळ टॉर्च आणि छोटा आरसा फिरवल्यावर थर्मोस्टॅट हाउसिंगच्या (कूलंटचा प्रवाह सोडणारी-अडवणारी झडप ज्यात बसते त्या कवचाच्या) मागच्या बाजूला, वरच्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, क्लिपखाली, गुलाबी-पांढरी खरपुडी दिसली आणि तिच्या कडेवर मोहरीएवढा थेंब फुगत होता. जमिनीवर काही का पडत नव्हते, याचा उलगडा तिथे झाला: चालत्या गाडीत तो थेंब तापलेल्या इंजिनावर ओघळून तिथेच वाळत होता. ओल खाली दिसली, तरी तिचा उगम वर असतो, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधावी लागते.

क्लिप आवळून हा प्रश्न सुटला नसता. एका गॅरेजमध्ये ती आधीच इतकी आवळली गेली होती की रबरावर चर पडली होती. होज ओढून काढल्यावर खरे कारण दिसले. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या तोटीवर होज बसतो, ती खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ली गेली होती. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतले की असे होते. त्या पाण्यातील क्षारांचे थर आत साचतात, क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम कुरतडते, आणि गंजरोधक रसायने पातळ झालेली असल्यामुळे धातूला संरक्षण उरत नाही. अशा खडबडीत तोटीवर नवा होजही टिकत नाही.

म्हणून मी हाउसिंग, त्याचे गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि होज एकत्रच बदलले. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, कारण लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि नवी गळती तिथूनच सुरू होते. जुने कूलंट पसरट भांड्यात धरून झाकणबंद कॅनमध्ये भरले. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेला प्रत्येक थेंब लगेच धुऊन काढला. आतील भाग डिस्टिल्ड वॉटरने स्वच्छ केला आणि निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण सावकाश भरले. त्यानंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवले. हवा अडकून राहिली, तर दुरुस्ती नीट होऊनही गाडी तापते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टेस्टर पुन्हा लावला, तेव्हा काटा जागचा हलला नाही.

गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ट्रकवाल्यांचा जुना उपाय यांविषयी मला अनेकांनी विचारले आहे. आडरानात गाडी अडली असेल आणि भोक बारीक असेल, तर हळदीने गॅरेजपर्यंत पोहोचता येते, हे खरे आहे. मात्र तोच गाळ पुढे हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. त्यामुळे असे काही टाकले असेल, तर गॅरेजात पोहोचताच मिस्त्रींना ते आधी सांगावे आणि नवे कूलंट भरण्यापूर्वी सगळे फ्लश करून घ्यावे.