हरवलेले पंप आणि टॅग लावायचं काम: माझा अनुभव

मी फोंड्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात बायोमेडिकलला आहे. मशीनी दुरुस्त करायचं काम, पण खरं सांगते, निम्मा वेळ मशीन शोधण्यातच जायचा. कॅलिब्रेशनची, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायची, तारीख आली की यादी घेऊन प्रत्येक मजला फिरायचा, आणि आयसीयूचा सिरिंज पंप, पेशंटला हळूहळू औषध सोडणारं मशीन, सापडायचा मेल वॉर्डच्या कपाटात, चादरींच्या मागे, टॉवेलात गुंडाळलेला. सिस्टरना दोष नाही देत मी. रात्री दोनला पेशंटचं बीपी पडतंय आणि पंप नाही, ही वेळ एकदा आली की कोणीही एक पंप बाजूला लपवून ठेवणारच.

मग आरएफआयडी मंजूर झालं, म्हणजे प्रत्येक मशीनला टॅग लावायचा आणि रीडर नावाच्या यंत्राने तो रेडिओ लहरींवर वाचायचा. गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो ना, तोच प्रकार, टॅगात बॅटरी नाही, रीडरच्या लहरींवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. मला आधी भीती वेगळीच होती, या लहरींनी मशीनच बिघडलं तर? अ‍ॅमस्टरडॅमची एक चाचणी २००८ मध्ये जामा या जर्नलात आली होती, पेशंट न जोडता ४१ उपकरणांजवळ आरएफआयडी चालवून १२३ वेळा तपासलं तर ३४ वेळा गडबड झाली, त्यातल्या २२ धोकादायक, सिरिंज पंप थांबणं, व्हेंटिलेटर बंद पडणं असल्या. म्हणून मी हट्टच धरला की आमचे पंप रिकाम्या खोलीत चालू ठेवून रीडर जवळ नेऊन बघायचं. दोन दिवस गेले त्यात. आमच्याकडे काही बंद पडलं नाही, तरी आयसीयूच्या दारावरच्या रीडरची पॉवर कमी ठेवली आणि अँटेना कॉरिडॉरकडे वळवून घेतला.

खरी डोकेदुखी पुढे. पहिले टॅग साधे स्टिकर होते, ते सलाईन स्टँडच्या लोखंडावर चिकटवले तर रीडरला दिसेचनात, धातूवर साधा टॅग चालतच नाही, त्याला खाली थर असलेला जाड टॅग लागतो. पाण्याचंही तसंच, सलाईनच्या पिशव्यांमागे टॅग गेला की सिग्नल पडतो. त्यात जून लागला. दमट हवा आणि वर दर शिफ्टला मशीन स्पिरिटने पुसायचं, पंधरवड्यात कडा सुटून टॅग केळीच्या सालासारखे वळले. शेवटी जाड टॅग घेतले आणि केबल टायने पक्के बांधले, पंपाच्या मागच्या बाजूला, हवा जायच्या जाळ्या सोडून.

सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागलं ते हे, की हा टॅग म्हणजे जीपीएस नव्हे. दारावरचा रीडर एवढंच सांगतो की पंप शेवटचा कुठल्या दारातून गेला. लिफ्टजवळ रीडर नव्हता, तिथून पंप गायबच व्हायचे, तो नंतर बसवला. आणि एका सिस्टरने सरळ विचारलं, "मॅडम, हे आमच्यावर नजर ठेवायला आहे काय?" मी तिला स्क्रीन दाखवली, त्यात फक्त मशीनचे नंबर आहेत, माणसांची नावं नाहीत. तेव्हापासून तीच बाकीच्यांना समजावते.

चवथीच्या सुट्टीत स्टाफ कमी होता. रात्री फोन आला, पंप हवाय. घरूनच बघितलं, शेवटची नोंद डायलिसिसच्या दाराची. वॉर्डमधला मामा गेला आणि घेऊन आला, चार्जिंगला लावलेलाच होता. दुसऱ्या आठवड्यात मेल वॉर्डच्या सिस्टरनी स्वतः फोन केला, कपाटात आणखी दोन पंप आहेत, येऊन घेऊन जा म्हणाल्या.